हेंटीची मराठे युद्धावरील कुमार-कादंबरी व तिचीं साधनें

मोडी रुमालांच्या शोधांत रद्दीच्या दुकानीं जाणाऱ्यास तेथील इंग्रजी पुस्तकांकडे पाहण्याचें सहसा कारण पडत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं असाच एक गठ्ठा, त्यांतून चार मोडी फर्दा डोकावत होत्या म्हणून, वजनावर विकत घेतला. फर्दा सावकारी देण्याघेण्याच्या व किरकोळ निघाल्या. त्यांच्याखालीं मात्र जॉर्ज आल्फ्रेड हेंटी या इंग्रज ग्रंथकाराची ‘ॲट धि पॉइंट ऑफ धि बायोनेट’ ही कादंबरी सांपडली. ‘संगिनीच्या टोंकावर’ असा या नांवाचा अर्थ. खालीं ‘मराठे युद्धाची कथा’ अशा अर्थाचें उपनाम आहे. पुठ्ठ्याच्या आंतील बाजूस शाळेच्या बक्षिसाचा छापील कागद डकविलेला असावा, तो कोणीं तरी फाडून काढला आहे. प्रस्तावनेच्या पानावर समासांत शिसपेन्सिलीची एक उभी रेघ आहे. ज्या मजकुराशेजारीं ती ओढली आहे त्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे; रेघ संमतीची कीं निषेधाची, हें तिच्यावरून ठरत नाहीं.

कुमारांसाठीं लिहिलेली कादंबरी हें इतिहासाचें साधन नव्हे, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य आहे. असईची लढाई कशी झाली हें जाणण्यासाठीं हेंटी कोणी उघडणार नाहीं. परंतु असईची लढाई इंग्रज मुलांस कशी सांगितली गेली, हा प्रश्नहि ऐतिहासिकच आहे, आणि त्या प्रश्नाचें अव्वल साधन हेंच पुस्तक होय. बखरीची चिकित्सा करतांना लेखक कोण, त्यानें काय पाहिलें, काय वाचलें आणि कोणासाठीं लिहिलें, असे जे प्रश्न आपण विचारतों तेच या ग्रंथास विचारून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हेंटीचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजीं केंब्रिजजवळील ट्रंपिंग्टन या गांवीं झाला. लहानपणीं प्रकृति फार अशक्त. बराच काळ अंथरुणावर गेला व त्या काळांत वाचन पुष्कळ झालें. वेस्टमिन्स्टर येथील शाळा व नंतर केंब्रिज येथील कीज कॉलेज असें त्याचें शिक्षण झालें. परंतु क्रिमियाचें युद्ध सुरू होतांच तो अभ्यास सोडून लष्करी रुग्णालयांच्या रसदखात्यांत दाखल झाला. तेथून त्यानें घरीं धाडलेलीं पत्रें एका वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं, आणि पुढें हाच त्याचा व्यवसाय झाला. ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या पत्राचा युद्धवार्ताहर म्हणून त्यानें १८६६ चें ऑस्ट्रिया-इटलीचें युद्ध, १८६८ ची ॲबिसिनियाची मोहीम, १८७०-७१ चा फ्रान्स-प्रशियाचा झगडा व १८७३-७४ ची अशांटीवरील स्वारी पाहिली. यांपैकीं ॲबिसिनियाची मोहीम ही मुंबई इलाख्याच्या सैन्याची, सर रॉबर्ट नेपियर याच्या हाताखालची होती, हें आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. १८७५-७६ सालीं इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानांत आला, त्या स्वारीबरोबरहि हेंटी होता. म्हणजे त्यानें हा देश डोळ्यांनीं पाहिला होता. मात्र मिरवणुकीच्या, रोषणाईच्या व दरबारांच्या दिवसांत पाहिला होता.

मुलांसाठीं लिहिण्याचा प्रकार घरींच सुरू झाला. १८६५ सालीं त्याची पत्नी वारली. मागें चार मुलें राहिलीं. त्यांना तो रात्रीं गोष्टी सांगत असे, आणि त्याच्या पहिल्या कुमार-कादंबरींतील चार भावंडांस त्यानें आपल्याच मुलांचीं नांवें दिलीं आहेत. पुढें वार्ताहराचें काम प्रकृतीस झेपेना, तेव्हां हेंच मुख्य काम झालें. विषय ठरला म्हणजे त्यावरील ग्रंथ ग्रंथालयांतून मागवावे, ते पुढ्यांत ठेवावे, आणि लेखनिकास मजकूर सांगत सुटावें, अशी त्याची पद्धति होती. वर्षास तीन-चार पुस्तकें याप्रमाणें त्याचीं शंभरावर पुस्तकें झालीं. लेखनिकास सांगून लिहविण्याची ही रीत आपल्या बखरकारांस परकी नव्हती. बखरी मात्र बहुधा धन्याच्या आज्ञेनें लिहिल्या जात. हेंटीच्या बखरी ब्लॅकी आणि सन या प्रकाशकांसाठीं, नाताळच्या बाजाराच्या बेतानें लिहिल्या गेल्या. बाजार हाहि एक धनीच; त्याच्या मर्जीविरुद्ध लिहिणें चिटणिसासहि कठीण आणि हेंटीसहि कठीण. १६ नोव्हेंबर १९०२ रोजीं वेमथ बंदरांत स्वतःच्या नौकेवर तो मरण पावला, तेव्हां एक कादंबरी अपुरी होती. ती त्याच्या मुलानें पुरी केली.

हिंदुस्थानावर त्यानें अनेक वेळां लेखणी चालविली. १८५७ च्या बंडावर ‘इन टाइम्स ऑफ पेरिल’ (१८८१), क्लाइव्हवर ‘वुइथ क्लाइव्ह इन इंडिया’ (१८८४), शीख युद्धावर ‘थ्रू धि सीख वॉर’ (१८९४), आणि टिपूवर ‘धि टायगर ऑफ मायसोर’ (१८९६) हीं त्यांतील मुख्य. या शेवटच्या नांवावरून एक घोंटाळा होण्याचा संभव आहे, तो येथेंच दूर करतों. हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही कादंबरी हेंटीच्या पुस्तकाचें भाषांतर आहे, असें आम्हीं एकदां चांगल्या जाणत्या गृहस्थांच्या तोंडून ऐकलें. तें कालदृष्ट्याच अशक्य आहे. हरिभाऊंची कादंबरी हेंटीच्या पुस्तकापूर्वींची असून ती मेडोज टेलर याच्या १८४० सालच्या ‘टिपू सुलतान’ या कादंबरीवर आधारलेली आहे. दोघांनीं वाघ एकच धरला. पण रान निरनिराळें.

आतां मूळ पुस्तकाकडे वळूं. हॅरी लिंडसे हा इंग्रज अधिकाऱ्याचा मुलगा वडगांवच्या इंग्रजी फजितीच्या सुमारास तान्हा असतांनाच पोरका होतो. सोयरा नांवाची त्याची मराठी दाई त्याला घेऊन निसटते, जुन्नराकडे आपल्या आप्तांत लपवून ठेवते, आणि मराठ्याचा मुलगा म्हणून वाढविते. वयांत येऊं लागल्यावर तो पुण्याच्या दरबारांत नाना फडणविसांच्या नजरेस पडतो. पुढें मुंबईस जाऊन आपली खरी ओळख पटवितो, कंपनीच्या फौजेंत अधिकारी होतो, आणि मराठी अस्खलित येत असल्यामुळें प्रत्येक नाजूक कामगिरी त्याच्याकडेच येते. मध्यें मलायाकडील एक लांबलचक उपकथानक आहे, तें सोडून द्यावें. शेवटीं असई, होळकराचा पाठलाग, आणि भरतपूर. गोऱ्या मुलानें काळ्यांच्या घरीं वाढून दोन्ही जगांत वावरावें, ही कल्पना त्या काळीं हवेंतच असावी. किप्लिंगचा ‘किम’ १९०१ सालींच प्रसिद्ध झाला. किप्लिंगला हिंदुस्थानांतील रस्ता, वास व बोली ठाऊक होती. हेंटीला मोहिमेचा नकाशा ठाऊक होता. पात्रें त्याचीं सर्व एका सांच्यांतलीं आहेत. हॅरी लिंडसेच्या जागीं क्लाइव्हच्या किंवा टिपूच्या कथेंतील नायक आणून बसविला तरी वाचकास पत्ता लागणार नाहीं.

प्रस्तावनेंत हेंटी मराठ्यांविषयीं जें म्हणतो त्याचा आशय असा: ही जात बेइमान, कारस्थानी व क्रूर होती, लूटमार करणें एवढेंच तिला येई, जिंकणारी असूनहि तिच्या अंगीं धैर्य हा एक गुण नव्हता, आणि इंग्रजी संगिनी व तरवारी यांपुढें तिला टिकाव धरतां येत नसे, तेव्हां तिचा नाश झाल्याबद्दल कोणासहि खेद वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या प्रतींतील पेन्सिलीची रेघ याच मजकुराशेजारीं आहे.

शास्त्रांत ज्याला वदतोव्याघात म्हणतात, म्हणजे बोलणाऱ्याचें बोलणेंच त्याच्या बोलण्यास खोडून काढतें, त्याचें इतकें शुद्ध उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं. प्रस्तावना संपून पान उलटलें कीं पहिलें प्रकरण लागतें, आणि त्या प्रकरणाचें नांवच विश्वासू दाई अशा अर्थाचें आहे! बेइमान म्हणून ज्या जातीस हिणविलें, तिच्यांतील एका बाईच्या इमानावर सबंध कथा उभी आहे. ती बाई बेइमान असती तर नायक पहिल्याच प्रकरणांत मेला असता व पुस्तक तेथेंच संपलें असतें. सोयरा हें कादंबरींतील सर्वांत सरळ पात्र आहे. हेंटीस तें जाणवलें होतें कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं; पण गोष्ट सांगणाऱ्याची लेखणी प्रस्तावना लिहिणाऱ्याच्या लेखणीपेक्षां प्रामाणिक निघाली, एवढें खरें.

दुसरा व्याघात याहून मोठा, आणि तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच आहे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झाली. आर्थर वेलस्ली याच्या हाताखालीं प्रत्यक्ष लढाईंत उतरलेली फौज सुमारें साडेचार हजार होती. तींत इंग्रजांकडील ४२८ ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता झाले. बेरीज १,५८४, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक. ७४ वी पलटण तर जवळजवळ नाहींशी झाली. ज्यांच्या अंगीं धैर्य नव्हतें त्यांनीं हें कसें केलें? उत्तर इंग्रजांच्याच कागदांत आहे. शिंद्यांच्या तोफखान्यानें अचूक मारा केला. गोलंदाज आपापल्या तोफांजवळून हलले नाहींत. गोऱ्यांची रांग तोफांवर आली तेव्हां ते तेथेंच भोंसकले गेले. जे मेल्याचें सोंग घेऊन पडले होते ते रांग पुढें जातांच उठले व त्याच तोफा फिरवून त्यांनीं पाठीमागून मारा केला. लासवारीस, १ नोव्हेंबर १८०३ रोजीं, याचीच आवृत्ति झाली. जनरल लेक यानें त्या दिवसाविषयीं लिहितांना शत्रूच्या गोलंदाजांनीं संगिनीनें मारले जाईपर्यंत तोफा सोडल्या नाहींत, असा स्वच्छ निर्वाळा दिला आहे. तेव्हां ‘संगिनीच्या टोंकावर’ हें हेंटीनें निवडलेलें नांव ज्या वस्तुस्थितीचें वाचक आहे, ती वस्तुस्थिति अशी कीं, मराठी फौजेचा गोलंदाज संगिनीच्या टोंकापर्यंत आपल्या जागीं उभा होता. नांव प्रस्तावनेवर उलटतें.

आणखी एक बारकावा. इंग्रजी संगिनी म्हणून ज्यांचा गौरव आहे त्या कोणाच्या हातांत होत्या? असईस गोऱ्या पायदळ पलटणी दोन, ७४ वी व ७८ वी. बाकीच्या पांच मद्रास इलाख्यांतील देशी पलटणी. बाजीरावानें वसईच्या तहानें (३१ डिसेंबर १८०२) इंग्रजांचा आश्रय केल्यामुळें म्हैसूरकरांबरोबर पेशव्यांकडील स्वारहि त्या दिवशीं वेलस्लीच्या बाजूस होते. पलीकडे शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमान हा हॅनोव्हरचा जर्मन. अशा लढाईंत एका जातीच्या धैर्याची दुसऱ्या जातीच्या धैर्याशीं तुलना करावयाची म्हणजे आधीं कोण कोणत्या बाजूस होता, याचीच फोड करावी लागेल. हेंटी लढाईच्या वर्णनांत इंग्रजांची हानि लपवीत नाहीं, आणि भरतपुरास १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारींत लेकचे चार हल्ले फसले, तेंहि तो सांगतो. भरतपूरचा राजा जाट होता, मराठा नव्हता, परंतु बाहेर यशवंतराव होळकर वावरत होता. हकिकत देतांना हेंटी वार्ताहर असतो. प्रस्तावनेंत तो उपदेशक होतो. आमच्या मतें त्याला वार्ताहर म्हणूनच वाचावें.

वडगांवच्या प्रकरणाकडे थोडें मागें जाणें जरूर आहे. कारण हेंटीची कथा जेथून निघते तेथेंच मराठी स्मृतींतील एक गोष्ट आहे, आणि ती प्रस्तावनेस सर्वांत मार्मिक उत्तर देते. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावास गादीवर बसविण्यासाठीं मुंबईहून सुमारें ३,९०० लोकांची फौज बोरघाट चढून आली. तिच्याबरोबर ओझ्याचे बैल सुमारें १९,००० होते. (वार्ताहर हेंटीनें या बैलांवरच एक प्रकरण लिहावयास हवें होतें, सैन्याची चाल कां मंदावली तें त्यांत आलें असतें.) फौजेंतील कॅप्टन स्टुअर्ट हा ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ गोळी लागून पडला. तळेगांवाहून परत फिरलेली फौज वडगांवास कोंडली गेली आणि जानेवारीच्या मध्यास तेथें करार करून देऊन सुटली. या स्टुअर्टाच्या शौर्यानें मराठे इतके प्रसन्न झाले कीं, त्यांनीं त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलें. फाकडा हा शब्द मानाजी शिंद्यांसारख्या रणशूरास लावावयाचा. तो त्यांनीं शत्रूच्या एका कप्तानास दिला, आणि मावळांतील लोक अजून त्याचें नांव घेतात. वडगांवास त्याचें स्मारक आहे. ग्रँट डफ यानेंहि या नांवाची नोंद केली आहे; म्हणजे हेंटीस तें इंग्रजींतच मिळण्याजोगें होतें. शत्रूच्या धैर्याची पारख कोणाला होती, हा निवाडा वाचकांवर सोडतों.

साधनांविषयीं आतां मुख्य मुद्दा. १९०१ सालीं या विषयावर इंग्रजींत भरदार असा एकच ग्रंथ होता, तो ग्रँट डफचा, १८२६ सालीं तीन भागांत छापलेला. हेंटीच्या हकिकतीचा सांगाडा त्याच वळणाचा आहे. वेलिंग्टनचीं लष्करी पत्रेंहि छापून झालीं होतीं. परंतु त्याच वेळेपर्यंत इकडे काय झालें होतें? नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची ग्रँट डफवरील टीका प्रसिद्ध होऊन तीस वर्षांवर काळ लोटला होता. काव्येतिहाससंग्रह १८७८ पासून बखरी व पत्रें छापीत होता. वासुदेवशास्त्री खरे यांनीं नाना फडणविसांचें चरित्र १८९२ सालीं लिहिलें व ऐतिहासिक लेखसंग्रह १८९७ सालीं सुरू केला. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा. हे मराठी ग्रंथ हेंटीस वाचतां येणें शक्य नव्हतें, त्याबद्दल त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. पण रानड्यांचा ग्रंथ १९०० सालीं इंग्रजींतच निघाला होता, आणि नानांच्या आत्मचरित्राचें ब्रिग्जनें केलेलें इंग्रजी भाषांतर तर १८२९ पासून उपलब्ध होतें. ज्या नानांच्या पदरीं हेंटीनें आपला नायक ठेवला, त्या नानांनीं स्वतःविषयीं काय लिहिलें आहे हें पाहण्यास लंडनच्या ग्रंथालयांत एक माणूस पाठविणें पुरेसें होतें. मुळांत नाहीं तें लिहिणार नाहीं, अशी मल्लिनाथाची प्रतिज्ञा आहे. हेंटीनेंहि तसें फारसें कांहीं लिहिलें नाहीं. त्यानें मूळच एक धरलें, एवढीच तक्रार.

येथें आपल्या घरचेंहि थोडें पाहिलें पाहिजे, नाहीं तर ही चिकित्सा एकांगी होईल. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून (१८७१) हरिभाऊंच्या ‘उषःकाला’पर्यंत आणि पुढें नाथमाधवांच्या स्वराज्यमालेपर्यंत ज्या कादंबऱ्यांवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या, त्यांतील मोगल व आदिलशाही सरदार किती प्रसंगीं आपल्या जागीं उभे राहून मरतात? आम्ही शाळेंत असतांना या कादंबऱ्या चोरून वाचल्या, मास्तर झाल्यावर मुलांना वाचावयास दिल्या, आणि हा प्रश्न साठी उलटल्यावर, हेंटी वाचून झाल्यावर, मनांत आला. तो आधीं यावयास हवा होता. नाथमाधवांविषयीं आमचा आदर यामुळें उणा होत नाहीं. सिंहगडावरून पडून कमरेखालचें शरीर लुळें झालेल्या माणसानें अंथरुणावरून एवढी स्वराज्यकथा लिहावी, ही गोष्टच निराळी. परंतु ज्या मापानें हेंटी मोजला तेंच माप येथेंहि लावावें लागतें.

हेंटी इंग्लंडांत पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू मागें पडला. अमेरिकेंत मात्र मुलांना घरींच शिकविणाऱ्या कुटुंबांसाठीं गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्याचीं पुस्तकें पुन्हां छापलीं जाऊं लागलीं, आणि संगणकावर तीं फुकट वाचावयास मिळतात. म्हणजे ती प्रस्तावना आजहि कोठें तरी बारा-चौदा वर्षांचा मुलगा वाचीत आहे, आणि त्याच्याजवळ कीर्तने नाहींत कीं खरे नाहींत. असईचे आंकडे व लेकचा निर्वाळा एवढ्या दोन गोष्टींची इंग्रजी टीप अशा आवृत्तींस जोडली जावी, असें आम्हांस वाटतें. तशी एक टीप आम्हीं तयार केली आहे व मंडळाच्या चिटणिसांकडे दिली आहे.

संग्राहकांसाठीं प्रतींविषयीं थोडें. ब्लॅकी आणि सन हे नाताळापूर्वीं पुस्तक बाजारांत आणीत व नामपत्रावर पुढील वर्ष घालीत. त्यामुळें प्रस्तुत पुस्तक १९०१ सालीं निघालें असूनहि पहिल्या इंग्रजी आवृत्तीच्या नामपत्रावर १९०२ आढळतें. चित्रें वॉल पॅजेट याचीं. नामपत्रावर वर्षच नसेल तर प्रत बहुधा नंतरच्या छापाची समजावी. आमची तशीच आहे. अमेरिकेंतील छापांबद्दल विशेष सावध असावें. १८९१ पूर्वीं तिकडे इंग्रज ग्रंथकारास स्वामित्वहक्काचें संरक्षण नसल्यामुळें त्याच्या आधींच्या पुस्तकांच्या परवान्यावांचून छापलेल्या प्रती पुष्कळ आहेत. आपल्याकडील जुन्या शाळा, संस्थानिकांचीं ग्रंथालयें व वकिलांचे संग्रह यांत हेंटीच्या हिंदुस्थानविषयक कादंबऱ्या असण्याचा संभव आहे. ज्यांच्याजवळ अशा प्रती असतील त्यांनीं नामपत्रावरील वर्ष, बक्षिसाचा कागद असल्यास त्यावरील शाळेचें नांव व साल, आणि समासांत कांहीं लिहिलेलें असल्यास तें, मग तें इंग्रजींत असो, मोडींत असो कीं नुसती रेघ असो, जसेंच्या तसें उतरून मंडळाच्या पत्त्यावर कळवावें.